सगळ्यांचं ‘उत्तम’

४ डिसेंबर, पांढुर्णा
सौंसरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मशीन-सुरक्षेचं ट्रेनिंग देऊन झालं. परतताना बसमध्येच फीडबॅक फॉर्म वाचले. झाडून सगळ्या बायांची ‘उत्तम’वर खूण. ट्रेनिंग उत्तम, चहा उत्तम, खुर्च्या उत्तम. खुर्च्या नव्हत्याच, सतरंजीवर बसलो होतो! जुन्या फॉर्मवरून जसाच्या तसा उतरवला होता मी. भोगा आता.

५ डिसें.
लताबाईंना फोन. मशीनपुढे कापूस टाकतात, तोंडाच्या फटकळ. खरं का नाही लिहिलं?
“ताई, तुम्ही इतक्या दुरून आल्या, घसा कोरडा करून सांगतलं. पाहुण्याले कोनी नावं ठेवते काय? अन् फॉर्म तर सुपरवायझरच गोळा करून राहिला होता.”
दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यातच आल्या नव्हत्या. बरं झालं बाई बोलली.

८ डिसें.
नवा फॉर्म वाटून आले. नावाची ओळ काढली. माझ्याबद्दल काहीच विचारलं नाही. एकच प्रश्न: शिकलेलं कामावर करता येतं का? नसेल, तर काय आडवं येतं? घरी नेऊन पोरीकडून लिहून घ्या म्हटलं. कुलुपाचा डबा ठेवलाय, किल्ली माझ्याजवळ.

११ डिसें.
डबा उघडला. बरेच फॉर्म कोरे, दोन-तीनांवर ‘उत्तम’. एकात मात्र: “मशीन बंद करायचं लाल बटन दाखवलं, पण दाबू नाही दिलं. मशीन थांबलं तर सुपरवायझर बोलते. पदर अडकला तर आम्ही पयले पदरच ओढू.”
जिनं लिहिलं तिचे उपकार कसे फेडू? कोण ते शोधणार नाही.

१२ डिसें.
जिनिंगच्या मॅनेजरना तो कागद दाखवला. पुढचं काम हातचं जाणार, ही धाकधूक होतीच.
“पहिलेवाले फॉर्म अच्छे होते, मॅडम. हे कोनं लिहिलं?”
नाव विचारलंच नाही, म्हटलं. मॅनेजरनी कागद पुन्हा वाचला. मग म्हणाले, सोमवारी काम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांले बटन दाबू द्या. देव भलं करो त्यांचं.

१५ डिसें.
एकेकीनं बटन दाबलं. मशीन थांबलं की हशा. लताबाईंनी तर दोनदा दाबलं. सुपरवायझरनंही टाळ्या वाजवल्या. मॅनेजर समोरच उभे होते. इतकं बरं वाटलं की…
निघताना लताबाईंना विचारलं, आता पदर अडकला तर?
“दाबीन ना, ताई,” म्हणाल्या. म्हणताना बघत मात्र होत्या सुपरवायझरकडे.