मांजर का गुबगुबीत झालं

ताई, आधी बस, मग वाच. रिपोर्ट आला! माझा थायरॉइड ताळ्यावर आलाय!

थायरॉइडची गोळी, लोहाची गोळी आणि वर दूध, सगळं तू मायेने एकदम देतेस ना, त्यानेच औषध लागू पडत नव्हतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तुझं मन मोडवेना. म्हणून गेले दोन महिने तुझी पाठ वळली, की मी थायरॉइडची गोळी नुसत्या पाण्याबरोबर घेत होते. लोहाची दुपारी. दूध मांजर पीत होतं!

मी पोहायला गेलेय, कित्येक दिवसांनी!

पण तू हल्ली थकून जिन्यात टेकतेस. बहिणी-बहिणींत असतं म्हणे हे थायरॉइडचं दुखणं. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंकडे तुझा नंबर लावलाय. कुरकुर करू नकोस. "माझ्यासमोर गीळ" म्हणायची पाळी आता माझी!

तुझी धाकटी