उघाडीवाल्याचं भूत

२ जानेवारी, शुक्रवार

स्टाफरूममध्ये रविवारची सहल ठरली. भोईर मॅडमनी फोनवर फोटो दाखवले. पडकी घरं, कांदळाची झाडी, होडीत गॉगल लावून बसलेली मुंबईची माणसं. 'भुताचं बेट.' पेणकडच्या खाडीतून होडी, बेटावर दोन तास, परत किनाऱ्यावर जेवण. सगळ्या हो हो. "येणार ना, पाटील मॅडम?" मी हो म्हटलं. लगेच! जीभ आहे की काय.

"गेलाय कधी तिकडे?" "नाही बाई."

आठ वर्षांची होईपर्यंत तिथंच होते. पंचवीस वर्षं झाली ह्या शाळेत, कोणाला सांगितलेलं नाही. माहेर विचारलं की पेणकडचं. मग लोक गणपतीच्या मूर्तींवर घसरतात आणि माझी सुटका होते.

३ जानेवारी, शनिवार

बाबांना सांगितलं नाही. ट्रेनिंग आहे म्हटलं. ते खिडकीशी वालाच्या शेंगा सोलत होते. "रविवारी कसला गो ट्रेनिंग?" म्हटलं, सरकारचं. "मंग बरोबर हाय," म्हणाले. ब्याऐंशी वर्षं, दात चार, पण टोमणा शाबूत.

हे म्हणाले, जाऊ नकोस. मग म्हणाले, जा, एकदाचं बघून ये. मग डबा घेऊन सेकंड शिफ्टला गेले. कंपनीत असाच सल्ला देत असतील तर प्लांट चालतो कसा देव जाणे.

दोनदा भोईर मॅडमना फोन लावला, नाही येत सांगायला. दोनदा कट केला.

४ जानेवारी, रविवार. संध्याकाळी

जाऊन आले.

साडेअकराला होडी. कालची पौर्णिमा, उधाणाचं पाणी, त्यामुळे थेट बेटाच्या जुन्या धक्क्याला लागली. आम्ही सहा बायका, मुंबईचं एक कुटुंब आणि होडी चालवणारा, चाळिशीचा, समोरच्या किनाऱ्यावरच्या गावचा. त्याला सगळे नाखवा म्हणत होते. बोलघेवडा. मध्येच आवाज खाली आणायचा, मुंबईची बाई नवऱ्याचा दंड धरायची.

आधी उघाडी दाखवली. दोन दगडी खांब उभे आहेत, फळ्या कधीच गेल्या, पाणी वाटेल तसं आत-बाहेर. नाखवा सांगायला लागला. हे बांधातलं दार. ओहोटीला उघडायचं, शेतातलं पाणी भाहेर. भरतीला पाण्याच्याच जोरानं फळी मिटायची, खारं पाणी आत नाय. तेवढं बरोबर सांगितलं. पुढे:

"तर इथं एक उघाडीवाला होता. फळीवर नजर ठेवायचा त्याचा काम. गावात लगीन होता, हा पिऊन पडला, फळी उघडी. पानी आला नि गाव गेला. हा पन वाहून गेला. अवसेला फळीचा आवाज येतो अजून. ठक. ठक."

मुंबईच्या पोरीनं व्हिडिओ घेतला. भोईर मॅडमनीही.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "वाहून गेला? कोणी बघितला?"

"आमचा बापूस सांगायचा."

"तुमच्या बापसानं प्रेत बघितलं का?"

सगळ्या हसल्या. "पाटील मॅडम, इथंपण तोंडी परीक्षा!" नाखवाही हसला, पण मग माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. मी पदर डोक्यावरून घेतला. ऊन होतं म्हणून.

बाबांनी उभ्या जन्मात दारूला हात लावलेला नाही. हळदीच्या मांडवातसुद्धा नाही. भाऊबंद चिडवायचे त्यांना.

आमच्या घराचं जोतं आणि पुढचा ओटा उरलाय. ओट्यावर ती मुंबईची पोरगी बसून केस उडवत रील करत होती. म्हटलं, ऊठ. "का काकी?" म्हटलं, साप असतात. किंचाळून पळाली. मला इतकं बरं वाटलं की लाज वाटली. मग तिथं मीच बसले. वेफर्सची पाकिटं गोळा करून पिशवीत भरली. आतल्या खोलीत जांभळाचं झाड उगवलंय, छपरापेक्षा उंच. छप्पर नाहीच म्हणा.

जेवणात जिताडा मासा होता. सगळ्या बोटं चाटत होत्या. माझी तुकडी मी भोईर मॅडमच्या ताटात सरकवली.

५ जानेवारी, सोमवार

लिहून टाकते. वहीतच तर लिहायचंय.

उघाडीवर जाळं लावायला गावाची बंदी होती. तरी सगळेच चोरून लावायचे. भरतीच्या पाण्याबरोबर मासा आत येतो, फळी जरा अडवून धरली की अजून येतो. आईसुद्धा लावायची. मी बघून शिकले.

त्या दिवशी आत्याच्या मुलाचं लग्न, नवरी समोरच्या किनाऱ्यावरची. बाबा नवऱ्याचे मामा, त्यांना जाणं भाग. सकाळी उघाडी तपासून, फळी हलवून बघून ते पहिल्या होडीनं गेले. माझ्यासमोर. मी आणि आई दुसऱ्या होडीनं जाणार. मधल्या वेळात मी आईचं कपडे बडवायचं धोपाटणं घेतलं आणि फळीत अडकवलं. भरती लागली की मासे येतील, धोपाटणं काढून घेईन, आई शाबास म्हणेल. एवढंच. मग आईनं हाक मारली, नवा फ्रॉक घाल, होडी सुटतेय. धावले. होडीत बँड होता. विसरले.

विसरले!

सगळं गाव लग्नात. एरवी बांधाला भगदाड पडलं, म्हणजे खांड पडली, की घरटी एक माणूस पाटी घेऊन धावायचा, चिखल टाकायचा, तो नियमच होता. त्या दिवशी धावायला कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी आलो तेव्हा उघाडीच्या बाजूची माती खाऊन घराएवढी खांड. तीनदा भरली, तीनदा गेली. शेतं खारली, विहिरी खारल्या. दोन वर्षांत एकेक घर उठलं. कोणी गडब गावी गेलं, कोणी पेणला. आम्ही रोह्याला.

देवळापुढे पंच बसले होते. बाबा उभे राहिले आणि म्हणाले, चूक माझी, फळी बघायची राहिली. एकही माणूस त्यांच्याशी बोलेना. आत्यानं दार बंद केलं.

पंच बसले त्याच रात्री मी आईला सांगितलं होतं. तिनं माझं तोंड दाबलं. "कोनाला बोलू नको. बापूस तुझ्यासाठी अंगावर घेतोय. तू गप ऱ्हा." गप राहिले. आई जाऊन सहा वर्षं झाली, अजून गप आहे.

७ जानेवारी, बुधवार

भोईर मॅडमनी व्हिडिओ स्टेटसला ठेवला. 'उघाडीवाल्याचं भूत', मागे कसलंतरी भयाण संगीत. मधल्या सुट्टीत शिपाईमामासुद्धा ठक ठक करून दाखवत होते. नववी ब ला विनाकारण झापलं.

ह्यांना म्हटलं, माझ्या बापाला दारुडं भूत करून टाकलंय. हे म्हणाले, चव्वेचाळीस वर्षं झाली, सोड की. ह्यांचे स्वतःचे वडील शिक्षक होते, त्यांच्या नावाचा फळा आहे शाळेत. ह्यांना सोड म्हणायला काय जातंय!

झोप नाही. 

९ जानेवारी, शुक्रवार

व्हायचं तेच झालं. शेजारच्या वहिनींनी बाबांना व्हिडिओ दाखवला. "बघा, तुमच्या पेणकडचं." मी शाळेतून आले तर बाबा हसतायत. डोळ्यातून पाणी येईपर्यंत.

"गो, मना मारून टाकला यांनी! वाहून गेलू म्हनं मी! नि पिऊन!"

मलाही हसू फुटलं. दोघं वेड्यासारखे हसलो. मग त्यांनी विचारलं, "ती पाठमोरी लुगड्यातली कोन, तू?"

डोक्यावर पदर घेतलेली मी, व्हिडिओत. साडी ओळखली. त्यांनीच दिवाळीला घेतलेली.

म्हटलं, हो.

"उघाडी ऱ्हायली काय?" "खांब आहेत." "नि घर?" "ओटा आहे."

"ट्रेनिंग चांगला झाला तुझा."

जेवले नाहीत. दूध घेतलं.

११ जानेवारी, रविवार

सांगितलं.

सकाळी, हे बाजारात गेले तेव्हा. बाबांची नखं कापत होते. हात माझ्या हातात होता म्हणून बोलता आलं असेल. "बाबा, फळीत धोपाटणं मी लावलं होतं." मला वाटलं, म्हणतील, म्हाईत हाय गो, पोर होतीस. चव्वेचाळीस वर्षं हेच वाक्य ऐकायची तयारी करून बसले होते.

त्यांनी हात काढून घेतला.

"तू?"

"मी."

"मना वाटला, तुझे आयशीनं."

खांडीत उतरल्यावर पहिलं ते धोपाटणंच सापडलं त्यांना. आईचं. ओळखलं. ती चोरून जाळं लावते हे माहीत होतंच. कोणी बघायच्या आत खाडीत फेकलं आणि देवळापुढे जाऊन उभे राहिले. "बायको हाय, गावानं तिला फाडून खाल्ली असती."

"तिला विचारलं नाही तुम्ही? कधीच?"

"काय ईचारायचा? धोपाटना तिचा."

म्हणजे. आई समजत होती की बाबा मला वाचवतायत. आणि बाबा तिला वाचवत होते. आणि मनात तिच्यावर डूख धरून! आता सगळं आठवतंय. वाढ. दार लाव. पाणी तापव. आईशी ते कामापुरतंच बोलायचे, आयुष्यभर. ती शेवटी आजारी होती तेव्हाही खाटेशी बसायचे नाहीत, दारात उभे राहायचे. मला वाटायचं, आमच्याकडचे पुरुष असेच. आणि ती सोसायची, कारण पोरीसाठी बापानं गाव गमावलं, त्याचा राग कुठेतरी निघणारच. माझ्यासाठी सोसायची ती!

हे बाजारातून आले. म्हणाले, तोंड का असं? म्हटलं, कांदा चिरला.

१२ जानेवारी, सोमवार

बोलत नाहीत. रागावलेत असंही नाही. आईच्या फोटोखाली खुर्ची ओढून घेतलीय, तिथं बसतात. चहा पितात. कप खाली ठेवतात.

मी म्हटलं, शिव्या द्या, चार फटके द्या, पण बोला. तर म्हणाले, "तुना काय बोलू? तू आठ वर्साची व्हतीस."

ते वाक्य अखेर मिळालं. काही उपयोग नाही त्याचा.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

शाळेला सुट्टी. तिळगूळ दिला, बाबांनी हातात धरून ठेवला. मग विचारलं.

"तिला म्हाईत होता, तू केलास ता?"

मी म्हटलं, दूध उतू जातंय, आले. दूध नव्हतंच गॅसवर.

काय सांगू? माहीत होतं म्हटलं, तर तिनं सगळं कळल्यावरही बाबांना गावाचा दोष एकट्यानं वाहू दिला. माहीत नव्हतं म्हटलं, तर बिचारी कसली शिक्षा तेही न कळता भोगून गेली, आणि शिक्षा देणारे बाबा. कुठलंही उत्तर दिलं तरी ब्याऐंशीव्या वर्षी ते बाबांनाच घेऊन जगायचंय. आणि खरं तेवढं मला एकटीला ठाऊक. तिनं तोंड दाबलं होतं माझं, हाताला हळदीचा वास होता.

स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून लिहितेय. बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आत्ता परत हाक मारली. "गो, सांगतेस ना?"

आले म्हटलं.