तिला दिलेली लाल-निळी पेन्सिल

बाई, परवा पुण्यात एका सभागृहात तुमची गोष्ट सांगितली गेली. भोरच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या एक बाई होत्या, अशी सुरुवात झाली आणि समोरची पोरं-पोरी मांडीवरचे लॅपटॉप मिटवून ऐकायला लागली. सांगणारी कोण, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. तुमची लाडकी, वेल्ह्याची. तुम्हाला जाऊन एक जमाना झाला, तिचे केस पांढरे झाले, माझे तर त्याआधीच झाले, तरी ती चारचौघांत बोलायला उभी राहिली की माझ्या पोटात अजून दुखतं. लिस्प नावाच्या ज्या कॉम्प्युटरच्या भाषेत तिची हयात गेली, त्या भाषेची आणि तिच्यापासून निघालेल्या दुसऱ्या भाषांची ही माणसं अधूनमधून जमतात. एकमेकांना आपण केलेली नवी हत्यारं, म्हणजे प्रोग्राम लिहायची साधनं, दाखवतात, कडकडून भांडतात आणि मग एकत्र चहा पितात. मी त्यातली नाही. तिने फोन करून ये म्हटलं म्हणून गेले. न जाते तर तिला वाटलं असतं, हिला हेवा वाटतो. तो वाटतोच, पण तिला कशाला कळू द्या.

आठवीतला तो तास मला अजून दिसतो. फळ्यावर तुम्ही लांबलचक पदावली लिहिली आहे. चौकटी कंसाच्या पोटात महिरपी, महिरपीच्या पोटात गोल. सगळा वर्ग कंचेभागुबेव घोकतोय आणि मी बाहेरच्या कंसापासून सुरुवात करून पार गोत्यात आलेय. तुम्ही माझी वही उचलता आणि म्हणता, "ही काय शेरडं कोंडलीस गं? कंच्या दारातनं कोन भाईर आलं, काय पत्ता लागंना." वर्ग हसतो. शेरडं खरं तर तिच्या घरची, डोंगरातल्या वाडीवर तिचा बाप शेळ्या-म्हशी राखायचा. पण ती लाजली नाही, की हसली नाही. उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, करडं डाल्याखाली, डालं गोठ्यात, गोठा कुपाच्या आत. म्या तर आदी डालंच उचलती." तुम्ही खडू हातात तसाच धरून तिच्याकडे पाहत राहिलात. तसं तुम्ही माझ्याकडे कधी पाहिलं नाहीत, बाई. मधल्या सुट्टीत मात्र मला थांबवून घेतलंत, पिशवीतून एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला निळी अशी पेन्सिल काढलीत आणि म्हणालात, "आतला कंस लाल, त्याच्या भाईरचा निळा, त्याच्या भाईरचा पुन्ना लाल. जोडी लागल्याबिगर आकड्याला हात लावायचा न्हाई." ती पेन्सिल माझ्यासाठी निघाली होती, काम झालं की परत तुमच्या पिशवीत जायची. तिला ती कधी लागलीच नाही. तिला कंस नुसते बघून उलगडायचे.

माझं दुर्दैव इतकंच की आमची उत्रोली भोरला खेटून. तिची वाडी पडली लांब, नसरापूरला बस बदलून पुढे पायी डोंगर चढायचा, म्हणून तुम्ही तिला शिकायला स्वतःच्या घरीच ठेवून घेतलंत. कुणी लांब राहतं म्हणून कुणाचा हेवा करावा, असं जगात फक्त मीच केलं असेल. संध्याकाळी काही ना काही निमित्त काढून मी तुमच्या दारात यायचे. चूल पेटलेली असायची, तुम्ही भाकरी थापत असायच्या आणि ती शेजारी उकिडवी बसून राखेत बोटाने गणित मांडत असायची. आई कधी आमच्या शेतातला आंबेमोहर तुमच्यासाठी द्यायची. तो मी डोक्यावरून आणायचा, शिजायचा तुमच्या चुलीवर आणि खायची ती. बुद्धपौर्णिमेला खिरीची वाटी मला मिळायची, नाही असं नाही, पण मी ओट्यावर आणि ती आत. दोन घटका झाल्या की तुम्ही म्हणायच्या, "उजेड हाय तवर घरी जा बाय. आई वाट बघत आसंल." किती मायेनं म्हणायच्या! आणि मला ते हाकलल्यासारखं लागायचं. मी पाय आपटत निघायचे.

मग आम्ही दोघी शिकलो, तुमच्यामुळेच शिकलो. सत्तरच्या पुढेमागे मी पुण्यातल्या एका कारखान्यात कॉम्प्युटर विभागात लागले. कॉम्प्युटर म्हणजे तेव्हा खोलीभर यंत्र, आणि आम्ही त्याला खायला घालायची ती भोकं पाडलेली कार्डं. उत्रोलीच्या पोरीला एवढंही आभाळाएवढं होतं. पेढे घेऊन तुमच्याकडे आले, तुम्ही पाठीवरून हात फिरवलात. मे महिना होता, त्याच दिवशी ती मुंबईहून आली. तिथल्या एका संस्थेत ती संशोधन करत होती. पिशवीतून तिने पलंगपोसासारखा रुंद कागद काढून ओट्यावर पसरला. त्यावर नुसते कंस. कंसात कंस, त्यात आणखी कंस, मधूनच एखादा शब्द. तुम्ही चष्मा लावलात आणि तुमचा चेहरा असा फुलला की मला पेढ्यांचा डबा उचलून परत न्यावासा वाटला.

ती सांगत होती आणि तुम्ही विचारत होतात. या भाषेत काम सांगायचं म्हणजे एक वस्तू आत द्यायची आणि एक बाहेर घ्यायची, बाकी जगाला धक्का लावायचा नाही. निदान तसं लिहिलं तर ते सुरेख होतं, म्हणाली. एका कामाच्या आत दुसरं काम बसवता येतं आणि काम स्वतःच एखाद्या आकड्यासारखं दुसऱ्याच्या हातात देता येतं. "म्हंजी आतलं आदी," तुम्ही म्हणालात. "आतलं आदी, बाई," ती म्हणाली, आणि तुम्ही दोघी हसलात. मग तिने त्या भाषेच्या गणगोताचं सांगितलं. जगभरात मूठभर माणसं, एकमेकांना पत्रं लिहितात, कॉम्प्युटरच्या टेपा पोस्टाने पाठवतात. एकाने काही केलं की दुसरा ते दुरुस्त करून परत धाडतो. ज्याच्या त्याच्या प्रयोगशाळेत त्या भाषेची वेगळी बोली, आणि खरी कुणाची यावरून तंडणं. अशातच तिच्याकडे नवं एक हत्यार आलं होतं. ते कंसांचा गुंता सोडवून आतली ओळ थोडी उजवीकडे सरकवून छापायचं, पायऱ्या उतरत गेल्यागत. ऐकताना मला कळत होतं की ही भाकरीची चूल आता फार मोठी झाली आहे आणि ती अजूनही आतच बसली आहे.

मध्येच तुम्हाला माझी आठवण झाली. "तुज्या मशिनीत काय आसतंय गं?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "पगारपत्रकं." तुम्ही मान हलवलीत आणि समजुतीच्या सुरात म्हणालात, "त्ये बी लागतंयच की." बाई, तुम्ही मला मारलं असतंत तरी चाललं असतं. मग दुपारभर तुम्ही तो कागद पुढ्यात घेऊन बसलात, आतला लाल, बाहेरचा निळा, जोड्या लावत. संध्याकाळी ती भोरहून बस धरायला निघाली तेव्हा तुम्ही ती पेन्सिल तिच्या हातात ठेवलीत. "ऱ्हाऊ दे तुज्याकडं. हितं आता कोन इचारतंय तिला." मी तिथेच उभी होते. माझी पेन्सिल होती ती.

परवा त्या सभागृहात तिने पडद्यावर आजचं हत्यार दाखवलं. आता कंस लिहिता लिहिताच रंगतात, प्रत्येक जोडीचा रंग निराळा. उघडला की मिटणारा आपोआप येतो, गुंतायची सोयच राहिली नाही. आणि मग तिने खिशातून बोटभर उरलेली ती पेन्सिल काढून उंच धरली. "तुमच्या आधी हे आमच्या बाईंनी केलं होतं," म्हणाली. टाळ्या पडल्या. मी पडद्याकडे बघत बसले. मग ती म्हणाली, "पण ही माझ्यासाठी नव्हती. माझ्या शेजारी एक मुलगी बसायची, ती कंसात हमखास अडकायची. तिच्यासाठी बाईंनी ही युक्ती काढली. ती अडकली नसती तर मला हे रंग दिसलेच नसते." लोक हसले. ती माझ्याकडे बघत होती, पण मी हात वर केला नाही. वर्गातली ढ म्हणून टाळ्या घ्यायच्या की बाईंनी जिच्यासाठी पेन्सिल काढली ती म्हणून, हे मला त्या क्षणी ठरवता आलं नाही.

नंतर आम्ही चहाला थांबलो. कप संपेपर्यंत मी वाट पाहिली की ती आता पेन्सिल माझ्या हातात देईल. दिली नाही. जपून खिशात ठेवली, मीही तेच केलं असतं. मग कुणी जवळ नाही असं बघून ती म्हणाली, आणि बोलताना थेट डोंगरावरच्या बोलीत गेली, "तुजा मला लई राग यायचा, ठावं हाय का? तू घरी निगालीस की बाई तव्यावरची भाकरी तशीच टाकून दारात जायच्या. तू वळणाआड होस्तोवर हलायच्या न्हाईत. रोज. भाकरी करपायची आन् ती म्या खायची. माज्यासाठी कवा दारात उभ्या ऱ्हायल्यात? म्या तर घरातच." मी म्हटलं, काहीतरीच काय. ती म्हणाली, "तू कवा मागं वळून बघितलंस का?"

नाही बघितलं. मी पाय आपटत चाललेली असायचे. हे लिहून झालं तरी टाकायचं कुठे, भोरचं तुमचं घर आता दुसऱ्याचं आहे. वहीतच राहील. रोज सकाळी मी आता तिची ती भाषा थोडी थोडी शिकतेय, तिला सांगितलेलं नाही, आणि ते रंग बंद करून ठेवलेत. पण मला खरं बोचतंय ते वेगळंच. तुम्ही माझ्या पाठीकडे बघत दारात उभ्या असायच्या, बाई, आणि तेही तिनंच पाहिलं.