दत्तोबाची बटणं

लोणावळा,
९ फेब्रुवारी २०२५

ती. नथूआबांना राजेश्वरीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून पत्रच लिहिते. मी बरी आहे. जेवते, झोपते, दुकान उघडते. बाबांना जाऊन महिना झाला, पण मला रडू आलेलं नाही. शेजारच्या मावशी म्हणाल्या, पोरगी दगडाची निघाली. त्याचंही काही वाटलं नाही.

दुकानाचं सांगायचं तर मुंबईची एक कंपनी ‘कोंडाजी’ हे नाव विकत मागते आहे. कफलिंक, टायपिन, सदऱ्याची बटणं सगळं त्यांच्या कारखान्यात होईल, डबीवर नाव फक्त आजोबांचं. मी हो म्हणून टाकलंय. एकटीने कुणासाठी चालवायचं? महिनाअखेरीस सही आहे. वेबसाइटसाठी त्यांना इतिहास हवाय. राजेरजवाडे आपली बटणं वापरायचे असं त्यांनी आधीच लिहून ठेवलंय. खरं काय ते तुम्ही कळवा.

शोरूममधल्या काचेच्या पेटीत ठेवायला त्यांना सर्वांत जुना नगही हवाय. आजोबांनी ओतलेला सदऱ्याच्या साखळीच्या बटणांचा पहिला जोड, बाबा रोज घालायचे तोच. चांदी काळी पडली आहे, म्हणून उजाळा द्यायला कालच तुमच्याकडे पार्सलने पाठवलाय. हाताशी दुसरं काही नव्हतं, बाबांच्या पांढऱ्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलाय.

तंबाखू कमी केलीत का? खोटं लिहू नका, काकू मला कळवतात.

तुमची,
राजेश्वरी

वडिवळे,
१४ फेब्रुवारी २०२५

चि. राजेश्वरीस नथूआबाचे अ. उ. आ.

तंबाखू न्हाई सुटली. काकूला म्हणावं, चुगल्या बास.

आधी तुजा इतिहास सांगतो, मग दुसरं. आमचा बाप, म्हंजी तुजा आजा, लोणावळ्याच्या बाजारात जोडवी-पैंजण करायचा. खंडाळ्याच्या बंगल्यातल्या एका पाव्हण्याचं कफाचं बटण हरवलं, त्याला जोडीचं करून दिलं. तवा बापाला उमगलं, बायकांचे डागिने करणारे गावोगाव हायेत, बाप्यांकडं कोण बघतंय! तितनं आपलं दुकान बाप्यांचं झालं. गिऱ्हाईक म्हंजी रेल्वेचे गार्ड, हाटेलातले मॅनेजर अन् मावळातले नवरदेव. राजा कंदी आला न्हाई. एका राजाचा डायवर आलता, टायपिन घेऊन गेला, ती बी घासाघीस करून.

आन आपल्या दुकानाची एक रीत व्हती. गिऱ्हाईक वारलं की घरची माणसं त्याची बटणं पांढऱ्या फडक्यात बांधून आणायची. बाप कायबी इचारायचा न्हाई. मेल्या माणसाची बटणं हाय तशी पोराच्या गळ्याशी लावायची न्हाईत. मुशीत घालायची, पाणी करायचं आन पोरासाठी नव्यानं ओतायची. मी बी जलमभर तेच केलं.

पोरी, तुजं पार्सल आधी आलं. पत्र आलं दुसऱ्या दिशी. फडकं सोडलं, दत्तूचं धोतर वळखलं, बटणं वळखली. इचार केलाच न्हाई. शेगडी पेटवली आन समदी बटणं मुशीत घातली. लय रडलो तवा. वाटलं, पोरीला रीत ठावं हाय, बापाचं नीट करतीय.

मग तुजं पत्र वाचलं. उजाळा द्यायचा व्हता म्हनं. धाकटा भाऊ दुसऱ्यांदा गेला, आन या बारीला माज्या हातनं.

फुडं काय ओतलं न्हाई, चांदीचा गोळा तसाच पार्सलनं धाडलाय. तुजा सौदा मोडला आसंल तर दोष माजा. शिव्या दे, पन गप बसू नगं. पत्राची वाट बघतो.

नथूआबा

लोणावळा,
२० फेब्रुवारी २०२५

ती. आबांना राजेश्वरीचा नमस्कार.

तुमच्यामुळे सौदा मोडला नाही. बटणं वितळली असं मी कंपनीला कळवलं, तर ते म्हणाले काही हरकत नाही, जुना दिसेल असा जोड आम्ही करवून घेतो, पेटीत कोण ओळखतंय. मीही बरं म्हणाले आणि फोन ठेवला.

गोळा आज दुपारी आला. तुम्हाला आठवत असेल, बाबा बोलता बोलता वरचं बटण अंगठ्याने चोळायचे. चोळून चोळून त्यावरची नक्षी पार गेली होती, मधे खळगा पडला होता. पार्सल फोडलं आणि काउंटरवर उभ्या उभ्या मी त्या गोळ्यावर तो खळगा शोधायला लागले. सगळीकडून गुळगुळीत. फिरवून फिरवून पाहिलं. कुठेच नाही. बाबा कुठेच नाहीत, आबा.

मग काय झालं मला सांगता येत नाही. टायपिन बघायला आलेलं जोडपं घाबरून निघून गेलं. शेजारच्या मावशी धावत आल्या, त्यांनीच शटर ओढलं. संध्याकाळपर्यंत मी रडत होते.

आता तुम्ही मागितल्यात तशा शिव्या. विचारायचं तरी होतं एकदा! आजोबा विचारायचे नाहीत म्हणून तुम्हीही विचारायचं नाही? एवढीच वस्तू होती त्यांची माझ्याकडे. मीही मूर्ख, ती परक्यांच्या पेटीत ठेवायला निघाले होते. मला तुमचा राग आलाय आबा, भयंकर राग आलाय. महिनाभरात मला कसला राग आला नव्हता, कसलं दुःख झालं नव्हतं.

कंपनीला नाही म्हणून कळवलं आहे. रविवारी गोळा घेऊन वडिवळ्याला येते. शेगडी पेटवून ठेवा. दत्तोबाला मुलगा नाही, ओतायचं ते माझ्यासाठी ओता. आल्यावर मी तुमच्याशी आधी भांडणार आहे, मग जेवणार आहे. काकूंना सांगून ठेवा.

राग आहे, तसा लोभही राहू द्या.

तुमची,
राजेश्वरी