मधली रिकामी जागा

३ फेब्रुवारी, मंगळवार
पहाटे शाळेची घंटा ऐकू आली. कडुनिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा, त्यावर सळईचा ठोका, मागे लांबत जाणारा गुणगुणाट. त्या सुरात आम्ही कविता म्हणायचो, मांड्यांवर ताल देत. ती शाळा कधीच पडली. जाग आली, मग डोळा लागला नाही.

कालच्या फोनमुळे असणार. तालुक्याहून, परीक्षेच्या साहेबांचा. आमच्या साक्षरता वर्गातल्या सगळ्या बायांच्या पेपरांवर नाव आहे, आडनाव आहे, मधे जागा कोरी. "एकाच माणसानं लिहिल्यासारखं वाटतं, गुरुजी. बोगस परीक्षार्थी असतील तर निधी बंद. आणि यादी भरून पाठवली तुम्ही."

म्हटलं, साहेब, मधलं नाव नवऱ्याचं. आमच्याकडे बाया ते घेत नाहीत. साहेब हसले. "आजच्या काळात?"

सोमवारी स्वतः येणार. समोर बसवून पूर्ण नाव लिहून घेणार.

४ फेब्रु., बुध.
दिवेलागणीला समाजमंदिरात वर्ग. शेतातली लाखोरी डाळ काढून थकलेल्या, तरी सगळ्या हजर. सांगितलं. मैना, नेहमीची फटकळ: "गुरुजी, माह्या बुढ्याचं नाव लिवलं अन् तो गेला, त दुसरा सरकार देईल काय?" हशा. मीही हसलो.

लिहिलं नाही एकीनंही. निधी थांबला तर दिवा, खडू, पुस्तकं, सगळंच थांबलं. माझं काय होईल? या वयात चौकशी. बोगस! गावात तोंड कसं दाखवू?

सुमनची पत्रं काढून बसलो. माझी बायको, सातवी पास, अक्षर माझ्यापेक्षा देखणं. साऱ्या पत्रांत मी फक्त 'अहो'. पाकिटावरचा पत्ता धाकट्या भावाकडून लिहून घ्यायची. तेव्हा मला ते गोड वाटे...

५ फेब्रु.
वर्ग सुटल्यावर यशोदाबाई मागे राहिली. पहिल्या दिवशी हिला खडू धरता येत नव्हता, बोटांना विळ्याची सवय झालेली. म्हणाली, "तिकडं तोंड करा, गुरुजी." मी भिंतीकडे वळलो. खडूचा आवाज. थांबला. पुन्हा. मग म्हणाली, "पाहा."

डोमाजी. नवऱ्याचं नाव. वेलांटी थोडी वाकडी. बाकी सुरेख.

"काहून लिवलं बाई? मी म्हटलं नव्हतं."
"वर्ग बंद झाला त मी जाऊ कुठं? आत्ता त बसवरची पाटी वाचाले लागली."

मग आपली पाटी हातात धरून उभीच. पुसेना. "लिवलं त लिवलं. पुसू कशी, गुरुजी? त्याचं नाव पुसलं म्हणजे..." मीही हात लावला नाही. पदराखाली झाकून घरी घेऊन गेली.

६ फेब्रु.
डोमाजीच्या छातीत दुखलं. शेजाऱ्याच्या गाडीतून भंडाऱ्याला नेलं. यशोदाबाई सोबत गेली.

मैना सांगत आली. यावेळी विनोद नाही. "तिनं लिवलं होतं ना, गुरुजी?" वर्गाला कोणी आलं नाही. एकटा बसलो, दिवा लावून.

७ फेब्रु., शनि.
काही कळत नाही. मी शिकलेला माणूस. अक्षरानं कोणी मरत नाही, हे चाळीस वर्षं शिकवलं. तरी सकाळपासून कान अंगणाकडे. कोणी धावत आलं की दाराशी जातो. चौकात दोघे हळू बोलत होते, मी जवळ गेलो तशी लाखोरीच्या भावाची गोष्ट काढली.

साहेबांना फोन लावला. सोमवार पुढे ढकला म्हणून. उचलला नाही. बरं झालं की वाईट झालं?

चौथीतली नदीची कविता आठवत बसलो. दुसरं कडवं येईना. पूर्वी झोपेतही म्हटलं असतं.

८ फेब्रु., रवि.
उद्या साहेब. बायांना लिहा म्हणू? कोणत्या तोंडानं? नका लिहू म्हटलं तर वर्ग गेला, आणि मी खोटा ठरलो. डोमाजीची खबर नाही. विचारायला जायचं टाळतोय.

दुपार. एवढंच लिहिलं होतं तर कडी वाजली. वाटलं, झालं. सांगायला आले. खांद्यावर गमछा टाकला, बाहेर जावं लागणार म्हणून. कडी काढली.

डोमाजी. स्वतः. चेहरा उतरलेला, काठीवर भार, मागे यशोदाबाई पाठमोरी उभी. हा आयुष्यभर अंगठा लावणारा माणूस, रागीट म्हणून गावात ओळख. काखेत पाटी, पंच्यात गुंडाळलेली. त्यानं पंचा सोडला. एक अक्षर पुसलं नव्हतं.

रागावलाय की काय, चेहऱ्यावरून कळेना. पाटी माझ्यापुढे धरली.

"मास्तर," म्हणाला, "हा मीच हाव काय?"