यंत्र मला ओळखत नाही

७ ऑगस्ट
आज पुन्हा लाल दिवा. प्रौढांच्या वर्गाला हजेरी यंत्रावर – अंगठा लावायचा. तीनदा लावला. रुमालाला पुसून, मग कपाळाला घासून – थोडं तेल लागलं की घेतं म्हणे. नाही घेतलं. कारकून म्हणाला, "बसा वर्गात, नंतर बघू." बसले. आज अपूर्णांक होते. पाव बादली सोडा, निम्मा घाणा चादरी – दवाखान्याच्या धुलाईघरात अठरा वर्षं मी तेच करतेय की!

१९ ऑगस्ट
लाल.

२ सप्टेंबर
दवाखान्याच्या कोरड्या कपड्यांच्या खोलीतली जागा डिसेंबरात रिकामी होतेय, मुकादमबाईंनी सांगितलं. चादरींच्या घड्या मोजायच्या, वहीत लिहायचं. उकळतं पाणी नाही, सोडा नाही. पण दहावी हवी. नवरा म्हणाला, "म्हातारचळ लागलाय तुला." सकाळी माझा डबा मात्र त्यानेच भरला.

११ ऑक्टोबर
परीक्षेला बसणाऱ्यांची यादी लागली. माझं नाव नाही. हजेरी पंचाहत्तर टक्के लागते, माझी एकोणीस. एक दिवस चुकवलेला नाही मी!

गवंडीकाका, खानावळीत भांडी घासणारी मावशी आणि मी – तिघंही बाहेर. ज्यांची बोटं कामाने झिजली, नेमके तेच गैरहजर. मावशी म्हणाली, "जन्मभर अंगठाबहाद्दर म्हणून हिणवलं, आता अंगठाही चालेना." आम्ही हसलो. मग ती बराच वेळ नाक पुसत होती.

१३ ऑक्टोबर
वर्ग संध्याकाळी, पण कार्यालय दहा ते चार. खाडा करून गेले. साहेब बैठकीत. उद्या या म्हणाले.

१४ ऑक्टोबर
उद्या या.

१६ ऑक्टोबर
साहेब भेटले. बाई रोज पहिल्या बाकावर असतात, असं गुरुजींनी लेखी दिलं होतं. साहेबांनी ते नीट वाचलं.
"माझा विश्वास आहे हो. पण यंत्रात नोंद नाही ना."
"मी समोर बसलेय की साहेब."
"महिनाभर हातांना आराम द्या. ठसे परत येतात."

माणूस वाईट नाही, म्हणून जास्तच राग आला. कोरडं काम मिळायला परीक्षा, परीक्षेला कोरडे हात. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना.

२० ऑक्टोबर
चौथा खाडा. "वरून लेखी आलं तर बघू." कुणाकडून, ते त्यांनाही माहीत नाही.

२१ ऑक्टोबर
मुकादमबाई जिन्यातच भेटल्या. "ताई, दोन आठवड्यांत चार खाडे झाले. ठेकेदाराने तुमचं नाव कापलं. मी हातापाया पडले त्याच्या." पडल्या असतील.

घरी सांगितलं. नवऱ्याने चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. मी भांडी घासायला घेतली तर उठून त्यानेच घासली.

३ नोव्हेंबर
आज गणिताचा पेपर. अकरा वाजता घरीच वही उघडून बसले. दोन वाजता मिटली.

१२ नोव्हेंबर
पुस्तकं परत करायला केंद्रात गेले. कारकून म्हणाला, "अंगठा लावा, पोच होते." लावला – कपाळालाही घासला नाही. पहिल्याच वेळी हिरवा दिवा. यंत्रातली बाई म्हणाली, "उपस्थित."

काम सुटून बावीस दिवस झाले, सोड्यात हात घातलेला नाही.