आकाराम सरगर यास मेंढरांवरून कलमांवर घेणेबाबत

प्रति,
मेहेरबान फळबाग निरीक्षकसाहेब,
कृष्णाकाठ फळझाड खाते, सातारा.

अर्जदार : आकाराम बिराप्पा सरगर, मूळ राहणार बिरोबाची वाडी, तालुका खानापूर, हल्ली मुक्काम खात्याची रोपवाटिका, उंब्रज.

विषय : कलमे बांधण्याच्या जागेवर नेमलेल्या इसमास मेंढरांवरून मोकळे करणेबाबत.

संदर्भ : याच विषयावरील अर्जदाराचे मागील सर्व अर्ज.

साहेबांचे सेवेशी विनंती ऐसी जे,

१. अर्जदार जातीने धनगर. बाप बिराप्पा दर हिवाळ्यात कळप घेऊन कृष्णाकाठी उतरे व शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरे बसवी. अशाच एका मुक्कामात वाईजवळच्या बागेत सयाजी नावाचा माळी अर्जदाराने पाहिला. त्याने जंबुरी लिंबाच्या रोपाची साल चाकूने उघडली, तीत संत्र्याचा डोळा बसवला आणि केळीच्या सोपटाने बांधून टाकला. परतीच्या वाटेवर पाहतो तो त्या डोळ्याला हिरवा कोंब. त्या दिवसापासून अर्जदाराचे मन कळपात लागेना. पुढच्या हिवाळ्यात तो सयाजीपाशीच राहिला. बापाने अडवले नाही, मात्र बोलणे टाकले. मराठी चौथी झालेली असल्याने अर्जदारास खात्याच्या कलमांच्या वर्गात घेतले गेले. तो वर्ग पुरा करून तो कलमे बांधण्याच्या जागेवर उंब्रजेस हजर झाला.

२. रोपवाटिकेच्या व्यवस्थापकांनी गाव विचारले, मग जात विचारली. खात्याने खतासाठी मेंढरे घेतली होती व त्यांना राखणदार मिळत नव्हता, तो मिळाला. ‘तूर्त मेंढरे पाहावीत’ असा हुकूम झाला. तूर्त म्हणजे आठ-पंधरा दिवस, असे अर्जदार समजला. ती समजूत चुकीची निघाली.

३. पहिल्या अर्जास उत्तर आले की, लेंड्या झाडांनाच जात असल्याने मेंढरे राखणे हे बागेचेच काम आहे. दुसऱ्यास उत्तर आले की, अर्जदाराच्या हाताखाली मेंढरे चांगली वाढली, सबब त्यास हलवता येत नाही. यावर अर्जदाराने मेंढरांची हयगय करावी असे कोणी सुचवले, पण मुक्या जनावरावर राग काढणे त्यास जमले नाही. उंब्रजेच्या बाया त्याच्या बायकोस, हरणाबाईस, पाणवठ्यावर विचारतात की तुझ्या मालकाच्या झाडांना लोकर किती येते. ती हल्ली पाण्याला अंधार पडल्यावर जाते.

४. तिसरा अर्ज देण्यास अर्जदार स्वतः साताऱ्यास आला होता. मागे राखणीला कोणी दिले नव्हते. मेंढरे कुंपण मोडून आत शिरली आणि पेरूची नवी कलमे खाऊन गेली. याबद्दल अर्जदारास लेखी विचारणा झाली की, कलमांचे शिक्षण घेतलेला इसम असूनही त्यास कलमांचे मोल कसे कळले नाही. अर्जदाराने शिक्षण घेतल्याचे खात्याने मान्य केले, ते एवढ्याच कागदात. अर्जदार तो वाचून बांधावर बसून राहिला. रडू आले नाही, फार थकवा आला.

५. याच सुमारास बाप बिराप्पा उंब्रजेस आला. रोगाने घरचा कळप संपला होता आणि म्हाताऱ्याला मुलाची झाडे पाहायची होती. त्याला झाडांत मुलगा दिसला नाही, मेंढरांत दिसला. तो कळपाजवळ आला. मग म्हणाला, “परक्याची मेंढरं राखायची व्हती, तर आपली काय वाईट व्हती रं?” अर्जदाराने सारी हकीकत सांगितली. बापाने ती खाली मान घालून ऐकली, अर्जदाराच्या हातातली काठी घेतली व मेंढरांपुढे जाऊन उभा राहिला. “जा,” म्हणाला, “तुझं काम कर.”

६. त्या दिवसापासून बिराप्पा मेंढरे राखतो व अर्जदार रोपवाटिकेत रोपांच्या सालीत डोळे भरतो. दोन्ही कामे हुकमाशिवाय चालली आहेत, हे खात्यापासून लपवण्याचा हेतू नाही. म्हणून हा अर्ज. व्यवस्थापकांनी म्हाताऱ्यास बाहेरचा इसम ठरवून हद्दीबाहेर जाण्यास सांगितले. तो गेला नाही. मेंढरे त्याच्यामागून चालतात, त्यामुळे त्यास हाकलल्यास तीही जातील, अशी व्यवस्थापकांस आता धास्ती आहे.

७. तरी साहेबांनी मेंढरांवर बापास नेमावे व अर्जदारास ज्या जागेवर घेतले त्या जागेवर ठेवावे. ते होत नसल्यास दोघांस काढल्याचा हुकूम लेखी द्यावा. अर्जदाराने भरलेल्या संत्र्याच्या डोळ्यांपैकी काहींनी जीव धरला आहे. कोंब हातभर होईतो त्यांस रोज पाहावे लागते, ते कोण पाहील तेवढे त्या हुकमात लिहावे. हा अर्ज लिहिताना, नकार आला तर काय, असे अर्जदाराने बापास विचारले. म्हातारा मेंढरांकडे बघतच म्हणाला, “येऊ दे हुकूम. तवर तू बांध.”

आपल्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून,

आकाराम बिराप्पा सरगर
सही दस्तुर खुद्द
उंब्रज, ता. ३ माहे फेब्रुवारी सन १९४७